मेद्वेदमधला 'व' कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रशियनमध्ये अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'मधु' आणि 'वेद' यांचा बनला आहे, म्हणजे 'मध कुठे आहे ते जाणणारा', असं मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुरात वाचलं. ते खरं का? आणि बाकीच्या भाषांत अस्वलाला काय म्हणतात?

निम्मं खरं, निम्मं खोटं. 'मेद' म्हणजे मधच, आणि तो आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ आहे, यात वादच नाही. 'वेद' मात्र तिथे नाही. तिथे 'एद' आहे, म्हणजे खाणं. मेद्वेद म्हणजे मधखाऊ. लाचखाऊ, वेळखाऊ म्हणतो, तसा मधखाऊ.

मी गेली एकतीस वर्षं पुण्यात रशियन शिकवते. त्याआधी काही वर्षं दुभाषी म्हणून कारखान्यांतून हिंडले. प्राण्यांची नावं शिकवायचा दिवस आला की वर्गातलं कोणीतरी हे 'मधु-वेद' घेऊन येतंच. पूर्वी काकांच्या तोंडून ऐकलेलं असायचं, हल्ली फॉरवर्ड असतो. मी त्यांना एकच विचारते: मेद आणि एद एवढंच असेल, तर मधला 'व' कुठून आला? सगळी गोम त्या 'व'मध्ये आहे. संस्कृतशी असलेलं खरं नातंही तिथेच दडलंय, आणि ते फॉरवर्डमधल्या नात्यापेक्षा कितीतरी पक्कं आहे.

फळ्यावर मी हे असं मांडते. स्लाव लोकांच्या, म्हणजे रशियन, पोलिश, चेक वगैरे भाषा बोलणाऱ्यांच्या, पूर्वजांच्या भाषेत मधाला म्हणायचे 'मेदु'. शेवटी उकार. पुढे तो उकार झिजला; रशियनमध्ये 'म्योद' झालं, चेकमध्ये 'मेद' उरलं. लिथुआनियनने तो अजून जपलाय, तिथे आजही 'मेदुस'. खाणं या अर्थाचा धातू 'एद'. हाच संस्कृतातला 'अद्', ज्याच्यापासून आपलं रोजचं 'अन्न' झालं. लॅटिनमधला 'एदो' आणि इंग्रजीतला 'ईट'ही तोच. आता मेदु आणि एद शेजारी ठेवा आणि भरभर म्हणा. मेदु-एद, मेद्वेद. उकारापुढे वेगळा स्वर आला की उकाराचा 'व' होतो. हा शाळेत शिकलेला यण् संधी. सु अधिक अल्प स्वल्प, मनु अधिक अंतर मन्वंतर. पाणिनीचं 'इको यणचि' शिकवताना शास्त्रीबुवा जी ठरलेली उदाहरणं देतात, त्यांत 'मधु + अरि = मध्वरि' असतंच. अरिच्या जागी अद् ठेवला की झालं 'मध्वद्'. आता मध्वद् आणि मेद्वेद एकाखाली एक लिहून पाहा.

हे मी फळ्यावर जुळवलेलं संस्कृत नव्हे. 'मध्वद्' हा शब्द ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातलं १६४ वं सूक्त, ज्यात 'द्वा सुपर्णा सयुजा सखाया' ही सगळ्यांना ठाऊक असलेली ऋचा येते. तिच्यानंतरची दुसरी ऋचा काढा. 'यस्मिन् वृक्षे मध्वदः सुपर्णा निविशन्ते' अशी तिची सुरुवात आहे. ज्या झाडावर मध खाणारे पक्षी विसावतात ते झाड. म्हणजे आपल्याकडचे मध्वद् हे पक्षी आहेत, अस्वलं नाहीत. त्यामुळे 'अस्वलाला मध्वद् म्हणायची पद्धत इथून रशियाला गेली' असला निष्कर्ष कोणी काढू नये. शब्द प्रवास करून गेलेला नाही. दोन्हीकडच्या लोकांकडे आजोबांच्या घरातलं तेच सामान होतं, मध आणि खाणं, आणि जोडायची रीतही तीच होती. एकाने त्या सामानातून पक्ष्याचं विशेषण घडवलं, दुसऱ्याने जनावराचं नाव. मला विचाराल तर हे नातं उसनवारीपेक्षा जास्त जवळचं. उसना शब्द काय, बाजारातूनही येतो. सांध्यातला 'व' बाजारात मिळत नाही.

आणखी एक मजा. कठोपनिषदात 'य इमं मध्वदं वेद आत्मानं जीवमन्तिकात्' असं एक वचन आहे. इथे मध्वद आणि वेद चक्क शेजारी बसलेत! पण कामं वेगवेगळी. मध्वद म्हणजे मध खाणारा, इथे कर्मफळाचा मध चाखणारा जीव. आणि वेद हे क्रियापद, 'जाणतो'. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे वाचलं असतं तर त्याचा मजकूर दुप्पट लांब झाला असता.

'व' जुन्या संधीतून आला, याचा रशियनमध्येच आणखी एक पुरावा आहे. 'खाणारा' या अर्थाचं हे शेपूट तिथे अजून जिवंत आहे. माणसं खाणारा तो ल्युदोयेद, मुंग्या खाणारा मुराव्येद. आणि मध खाणारा? 'मेदोयेद' असाही शब्द रशियनमध्ये आहे, पण तो अस्वलाचा नाही. ज्याला इंग्रजीत हनी बॅजर किंवा रॅटेल म्हणतात, त्या प्राण्याचं ते नाव. म्हणजे एकाच भाषेत 'मधखाऊ' दोनदा घडला. जुन्या काळी घडला तेव्हा सांध्यात 'व' आला, अलीकडे घडला तेव्हा अलीकडच्या रिवाजाने 'ओ' आला. जुन्या आणि नव्या घराच्या चौकटीतून सुताराचा काळ ओळखावा, तसं आहे हे. आणि जाता जाता: रॅटेलला मराठीत म्हणतात चांदी अस्वल.

मग 'जाणणारा' हा अर्थ आला कुठून? रशियन माणसांनीच तो लावला. उकार झिजला, संधी विसरली गेली, आणि लोकांच्या कानाला शब्द 'मेद' आणि 'वेद' असा तुटून ऐकू यायला लागला. 'वेद-' हा धातू त्यांच्याकडे आहेच. 'वेदात' म्हणजे जाणणं, 'वेद्मा' म्हणजे चेटकीण, मूळ अर्थ जाणती बाई. चेकमध्ये तर 'व्येदा' म्हणजे विज्ञान. हे सगळे शब्द आपल्या 'विद्'चे खरोखरचे नातलग आहेत. म्हणजे फॉरवर्डवाला पार चुकला असं मी म्हणणार नाही. वेद रशियनमध्ये आहे, फक्त अस्वलाच्या पोटात नाही.

असं कानाने शब्द फोडणं सगळीकडेच चालतं. पाव पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, हे मी लहानपणी इतक्या खात्रीने ऐकलंय की पोर्तुगीजमध्ये पावाला 'पांव' म्हणतात हे कळल्यावर क्षणभर फसवल्यासारखं वाटलं होतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. अस्वलाला 'मधखाऊ' म्हणायची वेळच का आली? अस्वलाला स्वतःचं नाव नव्हतं का?

होतं, आणि फार जुनं होतं. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, वेल्शमध्ये आर्थ, आर्मेनियनमध्ये आर्ज, हित्ती भाषेत हार्तग्ग. सगळी एकाच मुळाची. लॅटिनवरून फ्रेंच 'उर्स', इटालियन 'ओर्सो', स्पॅनिश 'ओसो' आले. पण युरोपच्या उत्तरेला सरका आणि हे नाव एकदम गायब. स्लाव भाषांत नाही, जर्मन कुळात नाही, लिथुआनियन-लाटवियनमध्येही नाही. इंग्रजी 'बेअर', जर्मन 'बेर', स्वीडिश 'ब्यॉर्न' यांचा अर्थ 'तपकिरी' असा लावतात. काहीजण 'रानटी जनावर' असा लावतात. लिथुआनियन 'लोकीस' आणखी वेगळाच. ज्या रानांत अस्वलाशी रोजची गाठ होती, नेमकी तिथलीच माणसं त्याचं खरं नाव विसरली, हा योगायोग कसा असेल?

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेय्ये यांनी १९०६ साली याचं उत्तर मांडलं, आणि ते आजही बहुतेकांना मान्य आहे. विसरली नाहीत, मुद्दाम टाळली. नाव घेतलं की तो येतो. शिकारीला निघताना तर नकोच. मग 'तो तपकिरी', 'तो मधखाऊ' असं आडून म्हणायचं. दोन-चार पिढ्या असं गेलं की मुलांना खरं नाव ऐकायलाच मिळत नाही.

अर्थात हे अनुमान आहे. ती भाषा बोलणाऱ्यांपैकी कोणी 'आम्ही घाबरून नाव बदललं' असं लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा लिहिणंच नव्हतं. पण मराठी माणसाला ते पटवून द्यायला फार पुरावे लागत नाहीत. माझी आजी कोकणातली. दिवेलागणीनंतर तिच्यासमोर 'साप' म्हणायची सोय नव्हती. 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. एकदा मी पडवीतून ओरडले, "आजी, साप!" तर ती काठी घेऊन आली, आधी मला दटावलं, मग त्याच्याकडे वळली. रानाकडेच्या गावात बिबट्या दिसला तरी लोक 'जनावर आलंय' म्हणतात. वाघाला वाघोबा करून ठेवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. पटकीसारख्या जिवावरच्या आजाराला मरीआई म्हणायचं, अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणायचं. आपल्या 'येते'सारखाच स्लावांचा मेद्वेद. फरक एवढाच की आपण 'जाणे' हे क्रियापद विसरलो नाही, ते ऋक्ष विसरले.

पुढे काय झालं ते आणखी गमतीचं आहे. टोपणनाव रुळलं आणि तेच खरं नाव होऊन बसलं. मग त्याचीही भीती वाटायला लागली! सैबेरियातले शिकारी मेद्वेद म्हणायचं टाळून 'खझ्याइन' म्हणतात, म्हणजे मालक. लोककथांमध्ये तो मिखाइल पोतापिच होतो, अगदी बापाच्या नावासकट, आपण अमुकराव तमुकपंत म्हणू तसा. लाडाने मीशा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं शुभचिन्ह तो मीशाच होता. समारोपाच्या रात्री त्याचा मोठा फुगा आकाशात सोडला तेव्हा स्टेडियममधली माणसं रडली होती. (त्या ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं सुवर्ण जिंकलं, आमच्या घरी ते जास्त लक्षात राहिलं.)

स्लाव भाषांत फिरून आलं तर या एका शब्दाची काय काय रूपं झालीत ते दिसतं. स्लोव्हेनियन 'मेद्वेद', क्रोएशियन 'मेद्व्येद', स्लोव्हाक 'मेद्वेद्य', हे साधे. झाग्रेब शहराच्या डोक्यावर जो डोंगर आहे त्याचं नाव मेद्वेद्नित्सा, म्हणजे अस्वलांचा डोंगर. युक्रेनियनमध्ये मात्र शब्द उलटा झालाय: 'वेद्मिद'. आपल्याकडे मतलबचं मतबल होतं आणि नुकसानचं नुस्कान, त्यातलाच प्रकार. आणि अशी उलथापालथ झाली की 'वेद' पुढे येऊन आणखीच ठसठशीत दिसतो, त्यामुळे तिथे 'जाणणारा'वाल्यांचा जोर जास्त. पोलिशमध्ये पहिल्या 'म'चा 'न' झाला: 'न्येज्व्येज'. 'म' आणि 'व' दोन्ही ओठांतून येणारे, एका शब्दात दोघांची गर्दी झाली म्हणून एकाने जागा सोडली. जुन्या चेकमध्येही 'नेद्व्येद' होता. आजच्या चेकने 'म' परत आणलाय, पण आडनावांत 'न' राहून गेला. २००३ साली युरोपचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला पावेल नेद्वेद आणि २०२१ मध्ये अमेरिकन ओपन जिंकलेला टेनिसपटू दानिल मेद्वेदेव, दोघांच्या आडनावात एकच अस्वल बसलंय. दोघंही 'अस्वले' आडनावाचे म्हणा ना.

बल्गेरियन आणि मॅसेडोनियन या दक्षिणेकडच्या भाषांनी मेद्वेदही बाजूला सारला. तिथे 'मेच्का', आणि कथांत 'बाबा मेत्सा', म्हणजे अस्वल आजी. बल्गेरियात ३० नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूच्या दिवशी, 'मेच्किन देन' म्हणजे अस्वलाचा दिवस पाळायची जुनी रीत आहे. मका शिजवायचा, त्यातला थोडा धुराड्यातून वर उडवायचा आणि म्हणायचं, 'घे, मेत्सा, हा शिजलेला मका, म्हणजे शेतातला कच्चा खाऊ नकोस.' आपली नागपंचमी आठवते की नाही!

स्लाव घराबाहेर हा शब्द हंगेरियनमध्ये गेला. तिथे अस्वल म्हणजे 'मेद्वे', सरळसरळ स्लाव शेजाऱ्यांकडून घेतलेला. पण हंगेरियनमध्ये मधाला 'मेझ' म्हणतात, आणि तो मात्र स्लावांकडून आलेला नाही. हंगेरियनचे पूर्वज उरल पर्वताच्या बाजूला होते तेव्हा, हजारो वर्षांपूर्वी, तो शब्द आपल्या कुळातल्या, म्हणजे संस्कृत, ग्रीक, रशियन यांच्या इंडो-युरोपीय कुळातल्या, कुठल्यातरी भाषेतून त्यांच्याकडे गेला. फिनिशमधला 'मेसी' त्याच वाटेने. म्हणजे 'मेद्वे मेझ खातं' असं हंगेरियन वाक्य केलं तर त्यात एकच मधु दोनदा येतो, दोन वेगळ्या शतकांतून, दोन वेगळ्या दारांनी. फिनिश लोकांची भाषा वेगळ्या कुळाची, पण अस्वलाचं भय तेच. त्यांच्याकडे अस्वलाचं एक लाडकं नाव आहे 'मेसिकेम्मेन', म्हणजे ज्याच्या तळहाताला मध लागलाय तो. रोजच्या वापरातलं 'कार्हू'ही मूळचं टोपणनावच, खरखरीत केसांवरून पडलेलं.

मधु हा शब्द कुठे कुठे गेला हे सांगत बसले तर हे उत्तर संपायचं नाही, म्हणून भरभर सांगते. ग्रीकमध्ये 'मेथ्यू' म्हणजे दारू. त्यावरून अ‍ॅमेथिस्ट, ज्या खड्याने दारू चढत नाही असं ग्रीक मानायचे. १८३४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्युमा आणि पेलिगो यांनी लाकडापासून काढलेल्या मद्यार्कासाठी याच 'मेथ्यू'वरून नाव बनवलं, आणि त्यातून मिथिल, मिथेन हे शब्द आले. इंग्रजीत मधाच्या दारूला 'मीड'. चिनी तुर्कस्तानात, म्हणजे आजच्या शिनज्यांगमध्ये, एकेकाळी तोखारी नावाची आपल्याच कुळातली भाषा होती, तिच्यात मधाला 'मित'. चिनी भाषेतला मधाचा शब्द तिथूनच आला असं मानतात, आणि चिनीतून जपानीत गेला तो 'मित्सु'. टोकियोतल्या दुकानातल्या मधाच्या बाटलीवर आपला मधु आहे.

एक मात्र जपून. बर्लिनच्या मानचिन्हावर अस्वल आहे म्हणून शहराच्या नावात 'बेर' शोधू नका. ते नाव जुन्या स्लाव बोलीतलं, दलदलीवरून पडलेलं. जर्मन कानांना त्यात अस्वल ऐकू आलं, आणि मानचिन्हावर येऊन बसलं. असाच दुसरा सापळा रशियन 'बेर्लोगा'. अस्वलाची गुहा असा त्याचा अर्थ, आणि 'बेर म्हणजे अस्वल, म्हणून स्लावांचं हरवलेलं खरं नाव बेर होतं' असं सांगणारे रशियातही पायलीला पन्नास आहेत. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांना ते पटत नाही. स्लावांचं जुनं नाव ऋक्षाच्याच घराण्यातलं असणार, आणि ते गेलं ते गेलं.

आता अर्थाकडे येते, कारण व्युत्पत्ती कळली म्हणून भाषा येत नाही, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकले आहे. १९८० चं दशक संपत आलं होतं, मी दुभाषी म्हणून नवीन. एका कारखान्यात सोव्हिएत यंत्रं बसवायचं काम चालू होतं. भांडार सांभाळणाऱ्या साहेबांनी पाहुण्यांचं काम हलकं करावं म्हणून खोक्यांतले सुटे भाग आधीच काढले, रॉकेलने धुतले आणि त्यांवरचं सगळं ग्रीस पुसून लख्ख करून ओळीने मांडून ठेवले. जुलै महिना होता. आठ दिवसांनी सोव्हिएत इंजिनिअर आला तेव्हा त्यांवर छान तांबूस गंज धरला होता. तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही आमची 'मेद्वेझ्या उस्लूगा' केलीत." मेद्वेझ्या म्हणजे अस्वलाची, उस्लूगा म्हणजे सेवा. मी झटक्यात भाषांतर केलं: "साहेब म्हणतात, तुम्ही अस्वलासारखी दांडगी सेवा केलीत." भांडारवाले साहेब खूश. थँक्यू म्हणाले, सगळ्यांना चहा सांगितला. इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी त्याने मला एकटीला बाजूला घेऊन, हातात दगड धरल्याचा अभिनय करून, गोष्ट सांगितली.

ती रशियन बोधकथाकार क्रिलोव्हची कथा. एक एकटा राहणारा माणूस अस्वलाशी मैत्री करतो. माणूस झोपतो, अस्वल माश्या वारतं. एक माशी हटेना. नाकावरून गालावर, गालावरून कपाळावर. शेवटी अस्वल मोठा धोंडा उचलतं आणि माशीला नेम धरून घालतं. माशी मरते, माणूसही. तेव्हापासून रशियनमध्ये 'अस्वलाची सेवा' म्हणजे भलं करायला जाऊन केलेला सत्यानाश. आणि ही कथा ओळखीची वाटली असेल तर बरोबर आहे. ती पंचतंत्रातल्या राजाची आणि पंख्याने वारा घालणाऱ्या माकडाची. तिथे धोंड्याऐवजी तलवार आहे. 'पण्डितोऽपि वरं शत्रुर्न मूर्खो हितकारकः', मूर्ख हितचिंतकापेक्षा शहाणा शत्रू परवडला, हे तात्पर्य क्रिलोव्हकडे जवळजवळ तसंच उतरलंय. कथा फारसीतून फिरली, फ्रेंचमध्ये ला फोंतेनकडे गेली, तिथून रशियात, आणि वाटेत माकडाचं अस्वल झालं. शब्द आपल्याकडून तिकडे गेला नाही हे मी वर सांगितलं. कथा मात्र खरोखर इथून गेली.

बाकीच्या म्हणींचं भाषांतर करताना मी आता अस्वलाला आधी दाराबाहेर ठेवते. 'न मारलेल्या अस्वलाचं कातडं वाटून घेणं' म्हणजे बाजारात तुरी नि भट भटणीला मारी. 'एका गुहेत दोन अस्वलं' म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. 'कानावर अस्वलाने पाय दिलाय' म्हणजे सुराचा गंध नाही. 'अस्वलाचा कोपरा' म्हणजे आडगाव, एसटी दिवसातून एकदा जाते तसलं. 'अस्वलाचा आजार' म्हणजे भीतीने पोट बिघडणं. तोंडी परीक्षेच्या सकाळी माझ्या विद्यार्थ्यांना तो हटकून होतो. आणि 'मेद्वेझात्निक' हा शब्द पोलिसांच्या बातमीत आला तर त्याला अस्वलांचा शिकारी समजू नका. तो तिजोरी फोडणारा चोर.

राहिलं आपलं मराठी. उत्तरेकडच्यांनी ऋक्ष टाकला, आपण तो ठेवला, पण दिसेनासा करून. प्राकृतात ऋक्षाचा 'रिच्छ' झाला तसा 'अच्छ'ही झाला. पहिल्यातून हिंदी 'रीछ'. दुसऱ्याला 'भल्ल' जोडून 'अच्छभल्ल' झालं, आणि ते घासत घासत आपलं 'अस्वल' झालं. अच्छ म्हणजेही अस्वल, भल्ल म्हणजेही अस्वल. लेडीज बायका म्हणण्यातला प्रकार. हा 'भल्ल' म्हणजे 'भद्र'चाच अवतार, 'भला' माणूस म्हणतो तो, आणि त्या जनावराला खूश ठेवायला दिलेलं नाव, असंही एक मत आहे. ते खरं असेल तर आपणही पूर्ण निर्भय नव्हतो म्हणायचं. ऋक्षाची आणखी एक खूण आकाशात आहे. सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असत, असं शतपथ ब्राह्मणात सांगितलंय. ग्रीकही त्याच ताऱ्यांना आर्क्तोस, अस्वल, म्हणायचे, त्यावरून उत्तर ध्रुवाचा प्रदेश आर्क्टिक झाला आणि त्याच्या विरुद्ध टोकाला अंटार्क्टिका. रशियनमध्ये सप्तर्षी म्हणजे 'बल्शाया मेद्वेदित्सा', मोठी अस्वलीण. तिथेही जुन्या नावाच्या जागी मधखाऊच.

आपल्या रानातल्या अस्वलाचं शास्त्रीय नाव मेलुर्सुस. मेल म्हणजे लॅटिनमध्ये मध, उर्सुस म्हणजे अस्वल. खरं तर ते मधापेक्षा वाळवी जास्त खातं. पण मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली-चंद्रपूरकडे पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या बायकांना विचारा. मोहफुलांचा सडा पडतो तेव्हा अस्वल त्यांच्याआधी झाडाखाली हजर असतं, आणि म्हणून त्या एकट्यादुकट्या जात नाहीत, बोलत, आवाज करत जातात. मोह हा शब्द संस्कृत 'मधूक'वरून आला, आणि मधूक मधुवरून. ऋग्वेदातल्या झाडावर मध्वद् पक्षी होते. इथे झाडाखाली, अंधारात, फुलं खात बसलंय ते.